बाहेरची मूठ

घराच्या नव्या पुढच्या दारासाठी गडद हिरवा रंग ग्लेनिसने दोन मिनिटांत निवडला. अडलं ते मुठीपाशी.

"ही घ्या मावशी," दारं विकणारा गेथिन म्हणाला. "दार लोटलं की बाहेरून किल्लीशिवाय उघडणार नाही. ती दुसरी नुसती दाबली की कुणीही आत येईल."

"मग दुसरीच दे."

"एकट्या राहता, म्हणून सांगतो."

"शेजारची मायर येते. 'मीच गं!' म्हणते आणि सरळ आत. एकेचाळीस वर्षांत तिने एकदाही दार ठोठावलेलं नाही."

"मग आता ठोठावेल! नाहीतर एक किल्ली देऊन टाका तिला."

"त्यासाठी तिच्या दारात जावं लागेल."

"भिंतीला भिंत लागून घर, आणि एवढा कंटाळा?" गेथिन हसला. पण त्याने दुसऱ्या मुठीवर खूण केली. "मंगळवारी दार बसवू. सकाळी दोन तास इथून येता-जाता येणार नाही. तेवढं मायरमावशींना सांगून ठेवा."

"गरज नाही," कागदावर सही करत ग्लेनिस म्हणाली. "ईस्टरला चॅपलमधल्या फुलांवरून आमचं वाजलं. तेव्हापासून ती आलेली नाही."