शेवटचा भोंगा

सुट्टीच्या दिवशी धाकटीने ताईला ओढतच सिनेमाला आणलं. गोदामात आठवडाभर उभं राहून ताईचे पाय भरून आले होते. अंधार होताच तिने चपला काढल्या. शेजारच्या अनोळखी काकांनी तर बूट काढून घोरायलाच सुरुवात केली. पडद्यावर उद्याचं जग होतं. भोंगा वाजला की माणसं उठायची, भोंगा वाजला की कामाला लागायची. “बापरे, अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये,” धाकटी कुजबुजली. “यात नवीन काय?” ताई पुटपुटली, आणि तिचा डोळा लागला. शेवटाकडे भोंगा वाजला आणि नायिका पहिल्यांदाच जागची हलली नाही. सगळं थिएटर टाळ्यांनी दणाणलं. ताई मात्र चपला घालून उभी होती. “अगं, बस ना! सिनेमातला भोंगा आहे तो.” ताई ओशाळून बसली. शेजारचे काका अजून वाकून, डोळे मिटूनच, बुटाची नाडी बांधत होते.