कार्ड चालते का?

लकवा मारलेल्या बापाचं सरकारी आरोग्य कार्ड घेऊन दामिनी चार दिवस नागपूरभर हिंडत होती. सक्करदऱ्यापासून जरीपटक्यापर्यंत प्रत्येक फिजिओथेरपीवाल्याला तिचा एकच प्रश्न होता, "कार्ड चालते का?" प्रत्येकाची मान आडवीच हलली. शेवटी प्रताप नगरातल्या एका दवाखान्यात 'चालते' म्हणाले, तशी ती बापाला, रुपरावांना, ऑटोत घालून घेऊन आली.

काउंटरवरच्या माणसानं बोटांचे ठसे घ्यायचं मशीन पुढे सरकवलं. हातमागावर सूत जोडता जोडता रुपरावांच्या डाव्या हाताच्या बोटांच्या रेषाच झिजल्या होत्या. मशीन एकही बोट ओळखेना.

"उजवा हात लावा."

उजव्या हाताची मूठ लकव्यानं आवळली होती, ती अजून उघडली नव्हती.

"ठसा जुळल्याशिवाय इलाज सुरू नाही होत," तो म्हणाला. "अन् एक वाजता काउंटर बंद होते."

दामिनी कधी घड्याळाकडे बघे, कधी त्या मुठीकडे. बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता.

तेवढ्यात आतून फिजिओथेरपिस्ट श्वेता मॅडम आल्या. रुपरावांसमोर बसून त्यांनी ती मूठ हातात घेतली आणि मनगट चोळत एकेक बोट सोडवायला लागल्या. "काका, श्वास नका रोखू."

एक वाजायला पाच मिनिटं असताना मधलं बोट सरळ झालं, मशीनवर टेकलं आणि ठसा जुळला.

दामिनीनं घाम पुसला. "मॅडम, मग इलाज कधीपासून सुरू होईन?"

"उद्या या," मॅडम म्हणाल्या. "उद्या इलाजाचा दुसरा दिवस."