उसनी चित्रं

दिराने स्पर्धेसाठी केलेल्या गेममधला राक्षस, जंगल, अगदी पळणारी कोंबडीसुद्धा मी काढलेली. स्पर्धेचा नियम होता, चित्रं दुसऱ्याची वापरली तर त्याचं नाव द्यायचं. श्रेयनामावलीत एका ढगासाठी कुठल्याशा अनोळखी माणसाचं नाव 'साभार' म्हणून झळकत होतं. माझं कुठेच नव्हतं.

मी जाब विचारला, तर म्हणाला, "वहिनी, परक्यांचं नाव द्यावं लागतं. तू तर घरचीच."

नऊ वर्षं मला ऊठसूट 'परक्याची पोर' म्हणणाऱ्या सासूबाईंनीही मान डोलावली.

मी खोलीत आले, दार लावलं आणि स्पर्धेचा तक्रार अर्ज भरायला घेतला.



'स्पर्धकाशी नातं' या रकान्यात लिहिलं: परकी.