छावणीत घोंगडी कुठं मिळते?

"टोचते का, असं विचारतात लोक," तनुजा म्हणाली. "काय लिहू?"

"टोचती," बिरूकाका म्हणाले. "पयला हिवाळा टोचती. मग अंगाला सवय होती. तसंच लिही."

तनुजानं तसंच लिहिलं. शहरातल्या छावणीच्या बाजारात, कडुलिंबाखालच्या बाकड्यावर ती लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. मागं एक अर्धं ओढलेलं शटर आणि रस्त्यापलीकडं, बरोबर समोर, कस्तुरा घोंगडी भांडार.

या दुकानाला वेबसाइट होती, पण नावापुरती. सगळा मजकूर एका धुरकट फोटोत कोंबलेला. शोध घेणाऱ्या एआयच्या हाती त्यातलं काहीच लागत नव्हतं. शहरात खरी घोंगडी कुठं मिळेल असं कुणी फोनला विचारलं, की तो खुशाल मॉलमधल्या मऊ ब्लँकेटांकडं बोट दाखवायचा.

काम दुकानमालकांच्या मुलानं, अंगदनं दिलं होतं, पुण्याहून, फोनवर. "खरं तर मला यात राम वाटत नाही," तो म्हणाला होता. "या हिवाळ्यात गिऱ्हाईक आलं नाही, तर गाळा मोबाईलवाल्याला देणार. पण काकांनी हट्टच धरलाय. दुकानासमोरच्या बाकड्यावर बसलेले असतात, भेटा त्यांना. दुकानाची त्यांच्याइतकी माहिती कुणालाच नाही."

ते मात्र खरं होतं. बिरूकाका बोलायला लागले की थांबत नसत. कस्तुराबाई पाचोडच्या बाजारातून डोक्यावर घोंगड्यांचं गाठोडं घेऊन यायची, इथंच रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून बसायची. पुढं गाळा घेतला. चिंचोक्याची खळ दिलेल्या नव्या घोंगडीचा वास त्या वेळी पार चौकापर्यंत यायचा, असं सांगताना म्हाताऱ्यानं डोळे मिटून खोल श्वास घेतला. तनुजाला त्या वासाची ओळख नव्हती, तरी क्षणभर तिलाही तो आल्यासारखा वाटला.

"छान आहे हे. 'माझी आई कस्तुराबाई' असं सुरू करते."

"माझी आई नको. नुसतं कस्तुराबाई."

जुन्या माणसांना स्वतःविषयी लिहायचं अवघडच वाटतं, असं म्हणून तिनं दोन शब्द खोडले.

"मालकाचं नाव?"

"अंगदचं टाक. पुढं त्यालाच बघायचंय."

"आत जाऊन फोटो काढूया का, काका?"

"आत कशाला? हितून बघ की, पाटी कशी झ्याक दिसती."

मग फोटोही बाकड्यावरूनच निघाले. आत गल्ल्यावर एक म्हातारा तोंडासमोर पेपर धरून बसला होता. इतक्या वेळात त्यानं एकदाही मान वर केली नव्हती.

"ते कोण?"

"हाय एक. लई आखडू. त्याच्या नादी लागू नको."

मुनीम असावा, असं तनुजानं गृहीत धरलं.

चहा आला. बिरूकाकांनी बशीत ओतून फुंकर घातली.

"पोरी, आधी या रस्त्यावर असं बोलायची सोय नव्हती. नुसता कालवा. घोंगड्यांची दोन दुकानं, समोरासमोर. वैजापूरचं गिऱ्हाईक आलं की एक हात यानं धरायचा, एक त्यानं. गिऱ्हाईक बिचारं मधी. शिव्या तर अशा, की शाळंत जाणारी पोरं ऐकायला थांबायची."

"मग?"

"मग काय. गिऱ्हाईक सरलं, आवाज बी सरला. भांडायला काय कारणच ऱ्हायलं नाय."

"आणि ते दुसरं दुकान?"

"असून नसल्यासारखं."

म्हाताऱ्यानं रिकामी बशी पालथी घातली. तनुजानं लॅपटॉपकडं मान वळवली आणि नेट लावून काम केलं. लोक विचारतात तसे प्रश्न आणि खाली सरळ उत्तरं. लोकर कुठली, धुवायची कशी, दुकान कधी उघडतं. शहराचं नाव कुणी औरंगाबाद म्हणून विचारतं, कुणी संभाजीनगर म्हणून, तेव्हा दोन्ही नावं घातली. जे आहे तेच लिहायचं आणि सगळीकडं एकसारखं लिहायचं, मग एआयला भरवसा वाटतो, हे तिनं काकांना समजावलं. काकांना ते लगेच पटलं. गिऱ्हाईकाचंही तसंच असतं, म्हणाले.

त्यानंतर ते रोज फोनला विचारत. "छावणीत घोंगडी कुठं मिळती?" फोन मॉलचंच नाव घेई. काका फोन खिशात ठेवत आणि समोर बघत बसत.

थंडी चांगली पडली, तशी एके सकाळी तनुजा मुद्दाम बाजारात आली. बाकड्यावर बसून तिनं विचारलं आणि फोन स्वच्छ मराठीत बोलला. छावणीच्या बाजारात कस्तुरा घोंगडी भांडार, हातमागाची, मेंढीच्या लोकरीची, पहिला हिवाळा टोचते.

काकांनी ते तीनदा ऐकलं.

तेवढ्यात स्कूटरवरून एक जोडपं उतरलं. हातातल्या फोनकडं आणि पाटीकडं आळीपाळीनं बघत दोघं समोरच्या दुकानात शिरली. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्यानं पेपर खाली ठेवला. उठला, एक काळीभोर घोंगडी काढली आणि झटक्यात उलगडली.

बिरूकाकांचे डोळे भरून आले. तनुजानं फोन पर्समध्ये टाकला.

"झालं काका. तुमचं दुकान वाचलं."

"थांब, आजून कुठं," बिरूकाका म्हणाले. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले, धोतराचा सोगा खोचला आणि बाकड्यामागचं अर्धं शटर खाडकन वर लोटलं. आत छतापर्यंत घोंगड्यांच्या थप्प्या होत्या. मग थेट रस्त्याच्या मधोमध जाऊन त्यांनी घसा फाडला, "ओ पाव्हणं, तिकडची लई टोचती! खरी घोंगडी हिकडं!"

समोरचा म्हातारा गल्ला ओलांडून बाहेर आला, आणि सगळा बाजार थबकला.

"बिऱ्या, माझ्या आईच्या दुकानातलं गिऱ्हाईक पळवतोस व्हय रं?"