बुधवारचा खोकला

खोकला ऐकू आला तशी संयोगितानं हातातली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि ती हॉलकडे धावली.

बुधवार होता. विट्याजवळच्या त्या दवाखान्यात बुधवारी गरोदर बायकांची तपासणी असायची. माळावरचं गार वारं नको म्हणून हॉल सगळ्या बाजूंनी कोंडून घेतलेला, आणि बायकांच्या ऐन मध्ये धोंडुबाई बसलेली. तोंडाला पदर न लावता, बरगड्या मोडतील असं खोकत.

"आजी, तुम्हाला ओसरीवर बसायला सांगितलंय ना? मास्क कुठाय?"

म्हातारीनं कनवटीचा मास्क दाखवला. लावला मात्र नाही.

संयोगितानं तिला दंडाला धरून ओसरीवर नेऊन बसवलं. परत येऊन भराभर खिडक्या उघडल्या, दार सताड लोटलं. बायका कुरकुरल्या. तिनं लक्ष दिलं नाही. क्षयाचा एक रोगी बंद खोलीत खोकला तर काय होतं, हे तिला नर्सिंगला असल्यापासून ठाऊक होतं. त्यात या पोटुशा पोरी.

साताऱ्याहून बदली होऊन आल्यापासून दर बुधवारी हेच चाललं होतं. म्हातारीची थुंकी तपासली, त्यात काही नाही. एक्स-रे काढला, तोही साफ. पुन्हा थुंकी पाठवली. पुन्हा काही नाही. आणि इतर वारी म्हातारी दवाखान्याकडे फिरकतही नव्हती.

"ही येते तरी कशाला, बिराप्पा?" तिनं वॉचमनला विचारलं.

बिराप्पानं आधी ओसरीकडे पाहिलं, मग आवाज उतरवला. "तिची सून टीबीनं गेली, मॅडम. पोटुशी हुती. दर बुधवारी हितंच यायची तपासायला. हितंच रोग लागला, दवाखान्यानंच मारली, असं म्हातारी गावभर सांगत हुती. तुमी यायच्या आदीची गोष्ट."

संयोगितानंही ओसरीकडे पाहिलं. तपासण्याही कधीकधी चुकतात. आपल्या सुनेचं झालं तेच दुसऱ्यांच्या सुनांचं व्हावं, असं कुणी मनात धरलं तर?

पुढच्या बुधवारी ती हॉलच्या दाराआड उभी राहिली. म्हातारी आली. मोकळी खुर्ची सोडून दिवस भरत आलेल्या एका पोरीशेजारी टेकली. तिच्या पोटाकडे बराच वेळ बघत राहिली. मग छाती भरून श्वास घेतला आणि खोकायला लागली.

संयोगितानं तिचं मनगट धरलं आणि तिला बाहेर ओढलं.

"तुमच्या सुनेचं कळलं मला. वाईट झालं. पण या पोरींनी तुमचं काय वाकडं केलंय? कुणावर सूड उगवताय?"

ओसरीवर येताच म्हातारीचा खोकला थांबला होता. तिनं हात सोडवून घेतला नाही.

"मला कुठला रोग, बाय," ती हळूच म्हणाली. "तवा आमी लय सांगितलं. कोनतरी खोकतंय, आत कोंडलंय, खिडक्या उघडा. कुनी ऐकलं न्हाई. आन् आता मी खोकल्याबिगर तुमी तरी कवा उघडता?"