दार उघडण्याआधी

शिवणमावशींना वर्गाबाहेर काढलं होतं. या वयात. तो खेळाचाच भाग होता, पण व्हरांड्यातल्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसताना आपण उगीच काहीतरी खोडी केलीय असं त्यांना वाटत होतं. आतून खुर्च्या सरकल्याचे आणि दबक्या हसण्याचे आवाज येत होते.

खेळ फ्रेंच शिकवणाऱ्या बाईंनी काढलेला. एकानं बाहेर जायचं, बाकीच्यांनी खोलीत काहीबाही बदल करायचे. मग बाहेरच्यानं आत येऊन सांगायचं, मी येण्याआधी इथे काय काय होऊन गेलं होतं. त्या काळाचं नाव प्ल्यू-क-पार्फे. मावशींना आधी ते एखाद्या उंची कापडाचं नाव वाटलं. रचना मात्र त्यांना चटकन उमगली. आधी मदतीचं क्रियापद मागच्या काळात न्यायचं, मग त्यावर मुख्य क्रियापदाचं झालेलं रूप चढवायचं. म्हणजे आधी अस्तर, मग वरचं कापड. बहुतेकांना 'जवळ असणं' हे अस्तर लागतं. येणं, जाणं, मरणं अशा थोड्यांना नुसतं 'असणं'. येणं-जाणं आणि मरणं एकाच कप्प्यात ठेवणारे लोक समजूतदार असणार, असं मावशींचं मत झालं.

जन्मभर लोकांचे कपडे सैल-घट्ट करून दिलेल्या बाईला आता फ्रेंच कशाला, असं शेजारी विचारत. नातीसाठी. लेकीची लेक परदेशात वाढत होती आणि तिला धड फ्रेंचच यायचं. गेल्या रविवारी फोनवर तिनं काहीतरी विचारलं. लेक हळूच म्हणाली, "आई, ती विचारतेय, आजोबा एकटे होते तेव्हा घाबरले होते का?"

आवाज नीट येत नाही म्हणून मावशींनी फोन ठेवला. आवाज खणखणीत येत होता. आणि उद्या पुन्हा रविवार.

उत्तर त्यांना ठाऊकच नव्हतं. त्याचीच टोचणी लागून राहिली होती. त्या संध्याकाळी त्या गिऱ्हाइकाचा कोट द्यायला गेल्या, तिथे गप्पांत रमल्या आणि घरी आल्या तोवर नवरा खुर्चीतच गेलेला. ही हकीकत त्यांनी कितीकांना सांगितली होती. दर वेळी ती कुलपात किल्ली फिरवण्यापासून सुरू व्हायची. मी दार उघडलं. मी हाक मारली. मी हात धरला, तो गार होता. किल्ली फिरवण्याआधीच्या वेळेकडे त्यांनी कधी पाहिलंच नाही. तिकडे नवरा आपल्याला हाका मारत बसलेला दिसेल, ही धास्ती होती.

"या मावशी," आतून बाईंची हाक आली.

मावशी उठल्या. व्हरांड्यात उतरतीचं ऊन पातळ ताकासारखं पसरलं होतं. दाराची मूठ कोमट लागली. आत फळा पुसलेला होता, एक खुर्ची खिडकीकडे वळवलेली होती. कोपऱ्यातला दिवा भर उजेडात लावून ठेवला होता. त्या दिव्याकडे बघता बघता मावशींना आपण नक्की कुठल्या खोलीत आलो आहोत ते कळेनासं झालं.

"सांगा," बाई फ्रेंचमध्ये म्हणाल्या. "तुम्ही आत आलात तेव्हा?"

"मी आत आले तेव्हा दिवा लावलेला होता."

"कोणी? करणारा सांगा."

फ्रेंचमध्ये नवऱ्याला 'ते' म्हणायची सोय नाही. उभ्या संसारात पहिल्यांदाच त्यांनी त्याला एकेरीवर आणलं. "त्यानं. त्यानं जिन्यातला दिवा लावला होता. मला पायऱ्या दिसाव्यात म्हणून."

वर्गात जिना नव्हता. फ्रेंच शिकायला येणारी शेजारची नर्स काही बोलणार होती, बाईंनी तिला हातानं थांबवलं. "आणखी?" त्यांनी हळूच विचारलं.

शब्द अडखळत येत होते, पण अस्तरासकट येत होते. "त्यानं रेडिओ बंद केला होता. त्यानं सपाता काढल्या होत्या, जोडीनं ठेवल्या होत्या. पायांवर पांघरूण घेतलं होतं. त्यानं चष्मा काढला होता. डबीत ठेवला होता."

इथे मावशींना चक्क हसू आलं. नवरा रेडिओ दुरुस्त करणारा आणि चष्मा कुठेही टाकणारा. एकदा तर गिऱ्हाइकाच्या रेडिओतच चष्मा ठेवून वर झाकणाचे स्क्रू पिळून मोकळा झाला होता. डबीत ठेवा, डबीत ठेवा, म्हणून मावशींनी संसारभर घसा कोरडा केला. आणि त्या दिवशी, टोकायला कोणी नसताना, त्यानं तो निगुतीनं पुसून डबीत ठेवला होता. ती डबी त्या रात्रभर मावशींच्याच मुठीत होती. तिच्याकडे बघायचं तेवढं राहून गेलं होतं.

जीव घाबरा झालेला माणूस सपाता जोडीनं ठेवत नाही. पांघरूण सारखं करत बसत नाही. इतकी साधी गोष्ट, पण ती कळली तेव्हा मावशींनी जवळच्या टेबलाची कड धरली. बाईंनी खुर्ची पुढे केली.

"बसते," मावशी म्हणाल्या. "एक वाक्य राहिलंय."

ते वाक्य वर्गातल्या कोणासाठी नव्हतं. उद्यासाठी होतं. मावशींनी ते मनात एकदा जुळवून पाहिलं, मग सावकाश, एकही टाका न चुकवता, फ्रेंचमध्ये म्हटलं.

"नाही गं बाळा, त्याला झोप लागली होती."