टावराचा दगड

"आजी, उठ. चार पावलं चाल, मंग पुन्हा बस."

"चालतो ना. सांजच्याले."

दीपाली गावची आशा सेविका. रक्तदाबाच्या गोळ्या द्यायला ती धुरपताबाईच्या घरी गेली तर दाराला कडी. मग सरळ बोडीच्या, म्हणजे गावच्या छोट्या तळ्याच्या, बांधावर आली. म्हातारी दुसरीकडे कुठे असणार? बांधावर मोहाच्या झाडाखाली एक बसका दगड आहे, त्याला सारं गाव टावर म्हणतं. खरा टावर जंगलापलीकडे, पण या दगडावर बसलं की फोनमध्ये रेंजच्या दोन काड्या उभ्या राहतात. उठून दहा पावलं गेलं की काड्या गेल्या. लोक येतात, घाईघाईने बोलतात आणि कामाला लागतात. धुरपताबाई मात्र सकाळचं जेवण उरकून येते ती गुरं परतेपर्यंत तिथेच ठाण मांडून असते, फोन मांडीवर ठेवून.

"डॉक्टरनं काय सांगतलं होतं?" दीपालीने विचारलं.

"अर्ध्या घंट्याच्या वर एका जागी बसाचं नाई. उठाचं, फिराचं. नाई तं छातीचं दुखणं वाढन." धुरपताबाईने घडाघडा म्हणून दाखवलं. पाठांतरात ती कुठे कमी नव्हती.

"मंग उठ ना. फोन राहू दे दगडावर."

"वाजला तं मले ऐकू येते का? मांडीवर असला का थरथरते, मंग समजते."

दीपालीने खाली बसून म्हातारीच्या घोट्यावर बोट दाबलं. खळगा पडला आणि बराच वेळ तसाच राहिला. दीपालीला काळजी वाटली, आणि काळजी वाटली की ती चिडते.

"अशीच बसून राह्यली तं एक दिवस इथूनच उचलून न्या लागन तुले."

"नेजो मंग. त्याचा फोन येऊन गेल्यावर."

तो म्हणजे प्रफुल्ल, धुरपताबाईचा एकुलता एक. घुग्घुसला कोळशाच्या गाड्या चालवतो. दिवाळीला येऊन गेला, आता संक्रांत जवळ आली. दीपालीने हातातलं रजिस्टर बाजूला ठेवलं, म्हातारीला थोडं सरकवून ती दगडाच्या कडेला टेकली आणि स्वतःच्या फोनवरून त्याचा नंबर लावला. म्हातारीला नीट ऐकू यावं म्हणून स्पीकरही चालू केला.

"प्रफुल्लभाऊ, दीपाली बोलतो. आईले चालाफिराचं सांगा जरा. तुमचं ऐकन ते."

पलीकडे गाड्यांचे भोंगे वाजत होते. त्यातून आवाज आला, "आई, फिरत जाय वो. बसून नोको राहू."

धुरपताबाईचा चेहरा असा उजळला की दीपालीला आपण हे आधीच का केलं नाही असं झालं.

"बरा हायेस ना रे बाबू? तुहा फोनच नाई आला."

"लावला ना. काल लावला, परवा लावला, रोजच लावतो. कव्हरेजच्या बाहेर म्हणते. मले वाटलं, आई फिरून राह्यली असन. बरंच वाटलं मले."

दीपालीने चमकून मान वर केली. काल ती याच वाटेने दोनदा गेली होती, जाताना आणि येताना. दोन्ही वेळा म्हातारी या दगडावर होती. परवाही होती. तिच्या मांडीवरच्या फोनमध्ये आत्ताही दोन काड्या उभ्या होत्या. दीपाली काहीतरी बोलायला गेली, तेवढ्यात धुरपताबाईने तिच्या हातावर हात ठेवला.

"हो रे," म्हातारी फोनकडे वाकून म्हणाली. "फिरतच होती. पार जंगलाच्या टोकापर्यंत जातो मी. इथी असतोच कुठी? तुहा फोन कसा लागन मले?"

"असंच फिरत जाय. ठेवतो, गाडी भरून झाली."

फोन बंद झाला. धुरपताबाईला मुलाचा राग आला नाही. आपल्या लेकराला आपल्याशी खोटं बोलावं लागलं, याचंच तिला वाईट वाटलं. आणि दीपाली अंगाला अंग लावून बसली असतानाही, आज तिला जितकं एकटं वाटलं तितकं या दगडावर एकटीने बसून कधी वाटलं नव्हतं.

गुडघ्यांवर हात टेकून ती उठली. फोन तिने दगडावर ठेवला आणि बांधावरून चालू लागली. दहा पावलं झाली, वीस झाली. धान कापून रिकाम्या झालेल्या शेतांच्या कडेने ती बोडीच्या पार दुसऱ्या टोकाला गेली, परत आली, पुन्हा निघाली. दगडाकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

दीपाली रजिस्टर उघडून बसली होती. जे सांगून सांगून महिनाभर तिचा घसा बसला, ते आज तिच्यासमोर होत होतं. लिहायचं तेवढं तिच्याने लिहवेना. तिसऱ्या फेरीला धुरपताबाई दगडाजवळून जायला लागली तेव्हा दीपालीला राहवलं नाही.

"आजी," ती म्हणाली, "बस ना जराशी."

धुरपताबाई थांबली नाही.

"आता काऊन बसू, बाई?"